एक फोटो, दोन कचेऱ्या

खंडोजी जन्माला आला बुडबुडके म्हणून, पोट भरलं वॉचमन म्हणून, आणि चोपन्नाव्या वर्षी सरकारनं त्याला विचारलं, तू बुडबुडके कशावरून?

विचारणारा होता शेषगिरी. महसूल खात्यातला माणूस, कपाळावर कुंकवाची बारीक रेघ, पुढ्यात थंड झालेली कॉफी. टेबलावर अर्ज होता सुप्रीताचा. सुप्रीता ही खंडोजीची एकुलती एक पोर. बारावीला ब्याण्णव टक्के पाडले होते तिनं. सरकारी नर्सिंग कॉलेजच्या यादीत नाव लागलं होतं, भटक्या जमातीच्या जागेवर. जातीचा दाखला शनिवारपर्यंत जमा केला तर जागा तिची. नाही केला तर तिच्या खालच्या नंबरची. दुसरं काही नाही. एवढाच हिशेब.

“शाळेचा दाखला दे तुझा,” शेषगिरी म्हणाला. बोलणं अर्थातच कानडीत, मुलूखच कानडी. मराठी खंडोजीच्या घरात, तीही अशी की पुण्याचा माणूस ऐकून म्हणेल, ही कुठली भाषा बाबा?

“शाळेत गेलो नाही सार.”

“तुझ्या बापाचा?”

“बाप शाळेच्या फाटकापर्यंत जायचा. तिथनं मास्तर हाकलायचे.”

“मग कागद काय आहे तुझ्याकडे?”

“कागद नाही म्हणून तर आम्ही बुडबुडके, सार. कागद असता तर जमीन असती.”

शेषगिरी हसला. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाशी भांडता तरी येतं. त्यानं अर्ज उलटा केला, सुलटा केला. “बघ, तू बोम्मसंद्र्यात प्लास्टिकच्या कारखान्यात गेटावर बसतोस. निळा शर्ट, टोपी, शिट्टी. उद्या कोणीही वॉचमन येईल आणि म्हणेल मी बुडबुडके. मी वर काय सांगू? कुळाचा धंदा काय तुमचा?”

“पहाटे उठायचं, हालक्कीचा आवाज ऐकायचा. हालक्की म्हणजे ते बारकं घुबड, सार. मग दारोदार शकुन सांगायचा.”

“आणि?”

“आणि धान्य घ्यायचं. जुना कपडा घ्यायचा.”

“म्हणजे भिक्षाटने,” शेषगिरीनं पेन उचललं.

“नाही सार. माझे अप्पा म्हणायचे, आपण मागत नाही. आपण सांगतो, मग घेतो.”

“फरक काय त्यात?”

“मागणारा आधी हात पसरतो.”

“फॉर्मवर तेवढी जागा नाही,” शेषगिरी म्हणाला आणि रकान्यात ‘भिक्षाटने’ लिहून मोकळा झाला. “फोटो आण. वेशातला. स्टुडिओत पगडी घालून कोणीही उभा राहतो, तसला नको. दारात उभं राहून घेतानाचा. झोळीत धान्य पडताना दिसलं पाहिजे. आणि तुमच्या त्या कारखान्याच्या पत्र्यासमोर नको काढूस. जुन्या घरासमोर काढ. शुक्रवारच्या आत दे, मी सही करतो.”

तर ही अशी सुरुवात झाली.

सोळा वर्षांपूर्वी खंडोजीनं धंदा सोडला होता. सोडला कसला, सुटला. घरं पाडून अपार्टमेंट झाली, अपार्टमेंटला गेट आलं, गेटाला वॉचमन आला. वॉचमननं दहा वेळा हाकलल्यावर खंडोजी स्वतःच वॉचमन झाला. मग त्यानंही हाकललं. कोणाला हाकललं ते विचारू नका. दाढीवाले, जोगतिणी, पाय नसलेले, आणि एकदा तर लांबच्या नात्यातला बुडबुडकेच. त्या माणसानं ओळख दाखवली नव्हती. खंडोजीनंही नाही.

पेटीतला कोट निघाला. गुडघ्यापर्यंतचा, काळा, त्यावर शंभर ठिगळं. बुडबुडक्याचा कोट शिंप्याकडे शिवत नाहीत. दारोदारी मिळालेल्या कपड्यांचे तुकडे त्यावर चढत जातात. सुप्रीतानं नाक दाबलं.

“अप्पा, वास येतोय.”

“डांबरगोळीचा.”

“डांबरगोळीचा नाही. आपला.”

असं बोलायची ती. आई अनुसूया गारमेंट फॅक्टरीत शिलाईला. दिवसभर सुपरवायझरच्या शिव्या ऐकून घरी आली की तीही असंच बोलायची. खंडोजीच्या घरात गोड बोलायचा धंदा फक्त खंडोजीचा होता, आणि तो बंद पडला होता.

मंगळवारी सकाळी सातला बाप-लेक जयनगरात उतरले. खंडोजीनं रजा टाकली होती. पगडी, कोट, खांद्याला झोळी, बगलेत छत्री, हातात बुडबुडकं, म्हणजे टिचभर डमरू. त्या डमरूवरनंच जातीचं नाव पडलं. सुप्रीता दहा पावलं मागे, मोबाइल घेऊन, जणू ओळखच नाही. एका गल्लीत दोन अपार्टमेंटच्या मधे दाबून बसलेलं एक जुनं घर सापडलं. लाल फरशीचा ओटा, जाळीचं दार. खंडोजीनं डमरू वाजवलं. मनगटाला सवय राहिली होती. तोंडाला मात्र नव्हती. पहिली ओळ आठवेना, म्हणून त्यानं डमरू पुन्हा वाजवलं.

दार उघडून बनियनमधला एक म्हातारा बाहेर आला आणि लहान पोरासारखा ओरडला, “अगो गौरी! बुडबुडकी आलाय बघ! किती वर्षांनी!”

मराठी! तीही जुनी, इथलीच, शिवाजीराजांच्या बापाच्या फौजेबरोबर आलेल्या घरातली. खंडोजीच्या जिवात जीव आला.

“शुभ होतंय अण्णा, या घराला उत्तरेकडनं शुभ होतंय,” तो सुरात आला. “थोरल्याच्या मनातलं होईल, धाकट्याचं अडलेलं सुटेल, आईच्या पुण्याईनं दारात वाहन उभं राहील…”

“तीन उभी आहेत, जागा नाही,” आतून सून म्हणाली. पण तांदूळ घेऊन आली.

म्हाताऱ्याचं नाव पद्माकर. त्यानं स्वतःच्या हातानं तांदूळ घातले. सुप्रीतानं फोटो काढला. मग पद्माकररावांनीही काढला, खंडोजीच्या खांद्यावर हात ठेवून, आणि तिथल्या तिथं नातेवाइकांच्या ग्रुपवर पाठवला. “आपली परंपरा रे ही! सोडू नका हां तुम्ही लोक. टिकवा!” वर एक जुना शर्टही दिला. दिलेला कपडा नाकारायचा नसतो. खंडोजीनं तो कोटावर टाकला आणि निघाला.

गल्लीच्या तोंडाशीच व्हॅन उभी होती.

दोघं उतरले. एकानं झोळीत हात घातला, दुसऱ्यानं बखोट धरलं. “चला अज्जा. शहरात भीक मागायला बंदी आहे, ठाऊक नाही?”

“मी भिकारी नाही सार. मी वॉचमन आहे.”

“आणि हा काय युनिफॉर्म?”

इथं सुप्रीतानं चूक केली. शिकलेल्या पोरीची चूक. तिला वाटलं, पुरावा दाखवला की माणूस सुटतो. ती धावत आली, मोबाइल पुढे धरला. “सर, सर, हे बघा, दाखल्यासाठी फोटो काढत होतो आम्ही. महसूल ऑफिसनं सांगितलंय. हे बघा!”

त्या माणसानं फोटो पाहिला. दोन बोटांनी मोठा करून पाहिला. वेश, झोळी, दारात उभा, वरून पडणारे तांदूळ. शेषगिरीनं मागितलं होतं तस्सं.

“भले,” तो म्हणाला. “एवढा स्पष्ट फोटो तर आम्हालाही कधी मिळत नाही.” आणि त्यानं तो स्वतःच्या मोबाइलवर पाठवून घेतला.

पकडलेल्या भिकाऱ्यांना ठेवायचं सरकारी केंद्र शहराच्या दुसऱ्या टोकाला. भिंत उंच, आत झाडं भरपूर. बाहेरून बघणाऱ्याला वाटेल, काय छान हवा आहे. खंडोजीचं डोकं भादरलं, कोट काढून घेतला, अंगावर पाइपनं पाणी मारलं, खाकी चड्डी-सदरा दिला. फॉर्म भरणाऱ्यानं विचारलं नाव, वय, गाव, कुठे सापडला. रोग आहे का. दारू पितो का. संपला फॉर्म.

जेवणाच्या रांगेत नाचणीच्या मुद्देचा गोळा आणि पातळ सारू वाढणारी एक बाई होती. ताटात पडलं तशी खंडोजीच्या तोंडून सवयीनं निघालं, “शुभ होईल अक्का, थोरला लेक नाव काढील…”

“मला लेकरू नाही. सुम्ने मुंदे होगू,” ती म्हणाली. गप पुढे सरक.

तो ताट घेऊन भिंतीशी बसला. घास उतरेना. तुम्ही म्हणाल, नखरे. पण अप्पांच्या हाताखाली वीस वर्षं फिरलेला माणूस होता तो. शब्द दिल्याशिवाय दाणा घेतला नव्हता. शब्द खोटा असेल, थापच असेल, पण दारातली बाई दिवसभर त्यावर खूश राहायची. तेवढं तिला मिळायचं. इथं त्याला कोणी बोलू देत नव्हतं. नुसतं गिळायचं. दोनशे माणसं तशी गिळत होती, नजर ताटात. भीक कशाला म्हणतात ते खंडोजीला सरकारी भिंतीच्या आत पहिल्यांदा कळलं.

दुपारी एका कंपनीची माणसं आली. कोणा साहेबाचा वाढदिवस. ह्यांना ओळीनं बसवून हातात जिलेबी दिली आणि देतानाचे फोटो काढले. घेणाऱ्याच्या फोटोवर गुन्हा होतो. देणाऱ्याच्या फोटोला लाइक मिळतात.

बुधवारी कल्पना आली. एका संस्थेची समुपदेशक. मूळची पुण्याची, नवरा इथं इंजिनियर. मराठी माणूस म्हटल्यावर खुर्ची ओढून बसली.

“काका, अजिबात टेन्शन घेऊ नका. तुमची केस एकदम सिम्पल आहे. तुम्ही नोकरी करता, घर आहे. उद्या कोर्टात हे स्टेटमेंट द्यायचं.” तिनं कागद वाचून दाखवला. मी भिकारी नाही. मी कारखान्यात वॉचमन आहे. सदर वेश मी फक्त फोटोसाठी घातला होता. भीक मागणे हा माझा किंवा माझ्या कुटुंबाचा व्यवसाय नाही. “पहिलीच वेळ आहे, समज देऊन सोडतील. संध्याकाळी घरी.”

“आणि हे दिलं नाही तर?”

“तर तुम्ही प्रोफेशनली भीक मागता असं ठरेल. मग कमीत कमी वर्षभर इथे. पण तो प्रश्नच येत नाही ना, काका.”

“ताई, हा कागद कुठे जातो?”

“कोर्टाच्या फाइलला.”

“तो शेषगिरीसारला दिसेल?”

कल्पनानं न समजून पाहिलं. मग त्यानं सगळं सांगितलं, अर्ज, फोटो, शनिवार. ती ऐकत गेली तसा तिचा चेहरा बदलत गेला. “ओह,” ती म्हणाली. “ओह शिट. सॉरी काका.” तिनं दोन-तीन फोन केले. एक पद्माकररावांनाही केला. त्यासाठी आधी सुप्रीताला फोन केला, तिनं त्या घरी जाऊन नंबर कळवला. त्यांनी कोर्टात येऊन एवढंच सांगायचं होतं, की हा परंपरेचा माणूस आहे, मी आनंदानं दिलं, यानं हात पसरला नाही.

“अहो मॅडम, माझं वय बघा,” पद्माकरराव म्हणाले. “पोलीस-कोर्टाच्या भानगडीत मुलगा पडू देणार नाही. आणि खरं सांगू? आजकाल हे लोक वेश घालून चोऱ्यापण करतात म्हणे.”

कल्पनानं फोन स्पीकरवर ठेवला होता, ते ती विसरली होती.

संध्याकाळी सुप्रीता भेटीला आली. जाळीच्या पलीकडे उभी राहिली. बापाचं गुळगुळीत डोकं पाहून तिनं आधी दुसरीकडेच पाहिलं.

“शेषगिरी सरांकडे जाऊन आले,” ती म्हणाली.

“काय म्हणाले?”

“म्हणाले, फोटो आता केसमध्ये आहे, मी एकट्यानं त्यावर सही करत नाही. कोर्ट काय म्हणतं ते आण. वेश खोटा म्हणून सोडला तर दाखला नाही, आणि खोटा पुरावा दिला म्हणून अर्जदारावर नोटीस, म्हणजे माझ्यावर. वेश खरा म्हणून धरला तर…”

“तर दाखला.”

“तर तुम्ही आत, अप्पा!”

“हळू बोल.”

“का हळू? सही करा ना त्या ताईंच्या कागदावर. मी थांबते एक वर्ष. पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देते.”

“पुढच्या वर्षी पुरावा कुठनं आणशील? एकदा कोर्टानं लिहिलं की भीक मागणं यांच्या कुळात नाही, मग झालं. तुझ्या पोरांनाही मिळायचं नाही.”

“मला नको असला दाखला. बाप भिकारी म्हणून मिळालेली जागा नको मला.”

“मग कोणाची जागा पाहिजे?” खंडोजी जाळीला तोंड लावून बोलला. “सात पिढ्या आम्ही गावकुसाबाहेर झोपलो, त्याची आहे ती जागा. कोणी दान नाही दिली. तू घे.”

“आणि आई? घरभाडं?”

खंडोजीनं जाळीवरनं तोंड बाजूला घेतलं. जन्मभर लोकांचं अडलेलं सुटेल असं सांगत आलेला माणूस. शिपायानं काठी वाजवली, वेळ संपली. सुप्रीता जाताना म्हणाली, “सही करा, अप्पा. स्वल्प माझं ऐका.” रडली नाही. रागानं चालत गेली.

गुरुवारी कोर्ट. एका लहानशा खोलीत न्यायाधीशबाई, टायपिस्ट, दोन शिपाई, बाकावर खाकी कपड्यांतली अकरा माणसं. एकेकाला तीन मिनिटं. खंडोजी सातवा. फाइलीत वरच फोटो लावलेला.

“हा तूच?” बाईंनी विचारलं.

“हो अम्मा.”

“वॉचमन आहेस असं दिसतंय. हे स्टेटमेंट तुला मान्य आहे?” त्यांनी कल्पनाचा कागद उचलला. कल्पना मागच्या भिंतीशी उभी होती, सुप्रीताच्या शेजारी. दोघींनी मान पुढे काढली.

“नाही अम्मा. ते खोटं आहे.”

“काका!” कल्पना पुटपुटली.

“म्हणजे तू भीक मागतोस?”

“मी बुडबुडके आहे अम्मा. दारोदार जाणं हा माझ्या कुळाचा धंदा. फोटो खरा आहे.”

“हो किंवा नाही. भीक मागतोस हे कबूल?”

“तुम्ही बुडबुडके असं लिहिलंत तर कबूल.”

टायपिस्ट हसला. “अज्जा, या फॉर्मला जातीचा रकाना नाही. भिकाऱ्याला जात नसते.”

“मग पकडताना बरी दिसते,” खंडोजी म्हणाला. आवाज चढला होता. वॉचमन एवढ्या वरच्या पट्टीत बोलत नाही. “तिकडचे साहेब म्हणतात, भीक मागतो हे सिद्ध कर, तरच तू बुडबुडके. इकडचे म्हणतात, बुडबुडके असशील नसशील, भीक मागितलीस, चल आत. दोन्ही तुमचीच माणसं ना? मी आत जातो. भांडत नाही. पण कशासाठी जातो तेवढं लिहा. नुसता भिकारी म्हणून जाणार नाही मी.”

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. मागच्या पोरीकडे पाहिलं, फोटोकडे पाहिलं. त्यांना कळलं असावं. कळून उपयोग काय, हे त्यांनाही कळलं असावं.

“जन्माचा धंदा हाच, असं तू स्वतः सांगितलंस तर मला समज देऊन सोडता येत नाही,” त्या सावकाश म्हणाल्या. “एक वर्ष होईल. समजतंय तुला?”

“समजतंय अम्मा.”

“पुन्हा विचार कर.”

“केला. रात्रभर तेच करत होतो.”

बाईंनी टायपिस्टला खूण केली. “आदेशाच्या मजकुरात घ्या. सदर इसम, जात बुडबुडके, परंपरागत व्यवसाय भिक्षाटन, स्वतःच्या कबुलीवरून.”

टायपिस्ट खटाखट चालू झाला आणि त्याच शब्दापाशी थांबला. “कसं लिहायचं, मॅडम? बुडबुडके, बुडबुडकी, बुडुबुडुकी? प्रत्येक जण वेगळं म्हणतो.”

लिहिता-वाचता येत नव्हतं खंडोजीला. आणि सरकारी यादीत ते एकाच रीतीनं छापलेलं होतं. एका उकाराची चूक झाली तर शेषगिरी कागद परत करणार, वर्षही जाणार आणि जागाही. त्यानं मागे वळून पाहिलं.

सुप्रीता जागची हलली नाही. कॉलेजात दोन वर्षं ती मैत्रिणींना ‘आम्ही मराठी’ एवढंच सांगत आली होती. तो शब्द घराबाहेर तिच्या तोंडून कधी निघाला नव्हता. बाकावरच्या दहा माणसांनी माना वळवल्या होत्या. ती काही बोलली नाही तर टायपिस्ट काहीतरी लिहिणार, सगळं फुकट जाणार, आणि बाप मात्र सुटणार नाही. आता कशानंच सुटणार नाही. कबुली झाली होती.

“ब ला उकार,” सुप्रीता म्हणाली.

“मोठ्यानं, अम्मा,” टायपिस्ट म्हणाला.

“ब ला उकार. ड. पुन्हा ब ला उकार. ड.” ती पुढे आली, टेबलापर्यंत. “शेवटी क ला वेलांटी. दुसरी. बुडबुडकी. वाचून दाखवा.”

टायपिस्टनं वाचून दाखवलं. बाईंनी सही केली.

“नक्कल चार वाजता, खाली खिडकीवर,” शिपाई म्हणाला. “आठवा कोण?”

पाच वाजता शेषगिरीची कचेरी बंद होणार होती आणि शुक्रवारी सुट्टी होती. खिडकीपुढे आधीच पंधरा-वीस माणसांची रांग. खंडोजीला व्हॅनकडे नेलं तेव्हा सुप्रीता त्या रांगेत उभी होती, मधेच कुठेतरी, नकलेच्या अर्जाचा कागद छातीशी धरून. रांग सोडली असती तर नंबर गेला असता. तिनं सोडली नाही. खंडोजीनंही हाक मारली नाही.